पांधन सगळ्यांची, तर समितीही सगळ्यांची हवी

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या गावकरी बंधू-भगिनींनो,

सोयाबीन सोंगून सुडी लागते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. मळणीयंत्र पांधनीच्या तोंडाशी अडकून पडतं, कारण पुढे गुडघाभर काळा चिखल असतो. सुडीवर ताडपत्री टाकली तरी खालून ओल चढते, शेंगांना कोंब फुटतात आणि बाजारात त्या मालाला कुणी भाव विचारत नाही. 11 डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्गाची वाहतूक आपल्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून सुरू आहे. पण त्या महामार्गापर्यंत माल न्यायचा तर आधी तो वावरातून बाहेर निघाला पाहिजे.

म्हणूनच गावातली काही माणसं स्वतःहून पुढे येतात आणि शेतरस्त्यांची समिती उभी करतात. या समितीला कसलेही अधिकार नसतात. अडवलेली जुनी वाट मोकळी करून देण्याचा अधिकार 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराला आहे आणि त्यासाठी वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. वाटच नसेल तर बांधावरून, म्हणजे आपल्या धुऱ्यावरून, नवी वाट मागण्याची सोय जमीन महसूल संहितेच्या कलम 143 मध्ये आहे. समितीचं काम त्याआधीचं असतं. ती गाव नकाशा काढून आणते. त्यावरची दुबार तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा; एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. फीत धरून ती रेघ जमिनीवर शोधायची, दोन्ही शेजाऱ्यांना एकाच धुऱ्यावर उभं करायचं आणि ग्रामपंचायतीला सल्ला द्यायचा. दावा जिंकला तरी शेजार तुटतो आणि पेरणीला बैलजोडी मागायची सोय राहत नाही. समितीत बसून मिटलेली वाट दोघेही सांभाळतात.

मात्र या समित्या टिकत नाहीत, आणि टिकल्या तरी त्यांत सगळं गाव नसतं. आमच्या मते हे दुखणं एकच आहे.

समितीत कोण बसतं ते बघा. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे, ज्याला दिवसा तहसीलला जायला सवड आहे, ज्याचं वावर डांबरी रस्त्याला लागून आहे. ही माणसं वाईट नाहीत, मनापासून राबतात. पण ज्याच्या वावराला सहा जणांचे धुरे ओलांडून जावं लागतं, तो त्या बैठकीत नसतो. बटईने शेत करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून त्याला कुणी बोलावत नाही. निंदणाला जाणाऱ्या बाया त्या चिखलातून रोज दोनदा चालतात. कोणत्या नाल्यावर पाय घसरतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मेंढरं घेऊन फिरणारा मेंढपाळ आणि तांड्यावरची माणसंही त्याच वाटेवर असतात. यांना विचारलं नाही तर समिती फक्त ट्रॅक्टरचा रस्ता आखते, आणि ज्यांना त्यात आपलं काही दिसत नाही ते पुढच्या बैठकीला फिरकत नाहीत. मग सगळा भार दोघातिघांवर येतो आणि तेही थकतात. 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचं अनेक गावांत काय झालं ते आपण पाहिलंच आहे. उत्साह होता तोवर समिती चालली, नंतर नावं तेवढी फलकावर राहिली.

इंग्लंडात 2000 सालच्या कायद्याने गावाकडच्या वाटांसाठी स्थानिक सल्लागार मंच नेमले गेले. जमीनमालक आणि वाट वापरणारे यांचा समतोल त्यांत राखावाच लागतो आणि बैठका लोकांसाठी खुल्या असतात. आपल्या विदर्भासाठी तर महसूल संहितेत स्वतंत्र प्रकरण आहे. गावातल्या वहिवाटीच्या वाटा वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढींच्या नोंदीत, नोंदवण्याची तरतूद त्यात आहे. मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेता येते. पण या नोंदींसाठी वहिवाट सांगणारी माणसं लागतात, आणि त्यांतले बरेच जण आज समितीबाहेर आहेत.

म्हणून आमचं मागणं आहे की येत्या 1 मेच्या ग्रामसभेत शेतरस्ता समिती नव्याने बसवा. निम्म्या जागा वाट वापरणाऱ्यांना द्या: मजूर बाया, बटईदार, मेंढपाळ, तांड्यावरची माणसं आणि शेवटच्या वावराचा मालक. नावं ठरवण्याआधी महिला सभेत विचारा. बैठक दिवेलागणीनंतर घ्या आणि एखादी तांड्यावरही घ्या, कारण रोज बुडवून कुणी येणार नाही. दर वर्षी एक तृतीयांश माणसं बदला, पण जुन्यांना सोडू नका. नकाशा कसा वाचायचा ते त्यांनी नव्यांना शिकवावं. कागदपत्रं एकाच घरात ठेवू नका, एक प्रत ग्रामपंचायतीत असू द्या. झेरॉक्स आणि तहसीलच्या फेऱ्यांचा खर्च एकाच्या खिशातून होऊ नये, वर्गणी काढा आणि हिशेब फलकावर लावा. सदस्याचाच वाद असेल तर त्या दिवशी त्याने उठून बाहेर बसावं. यात कसली हयगय नको, समितीवरचा विश्वास इथेच बसतो किंवा उडतो. पेरणीआधी एक आणि सोंगणीआधी एक अशा दोन शिवारफेऱ्या झाल्या तरी सुरुवातीला पुरे.

तरुणांनो, मोबाइलवर नकाशा उघडणं तुम्हाला जमतं, तेवढं घेऊन या. म्हाताऱ्यांनो, पूर्वी बंडी कुठून जायची ते तुम्हाला आठवतं, तेवढं सांगायला या. आणि ताई, काकू, मावशी, तुमचं नाव कुणी घेतलं नाही तर ग्रामसभेत उभ्या राहून तुम्हीच सांगा.