माझा पेला वेगळा का?

मी येडा आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पाठीमागं कुजबुजायचे तुमचे कष्ट वाचतील.

डॉक्टरनं कागदावर बायपोलर लिहिलंय. म्हणजे कधी मन पेटतं. झोप लागत नाही, तोंड थांबत नाही, महिन्याचा पगार एका दिवसात वाटून मोकळा होतो. मग तेच मन विझतं. अंथरुणातनं उठून मोरीपर्यंत जाणं म्हणजे डोंगर चढणं. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा पेटलो. आता सत्तावीस चालू आहे. सूतगिरणीत साच्यावर काम करतो, कविता लिहितो.

घरात सगळ्यात आधी काय आलं? लिंबू. आज्यानं 1956 ला दीक्षा घेतली होती. कोनाड्यातले देव नदीत सोडले होते. तिसऱ्या पिढीत नातवाला येड लागलं आणि चौकटीला लिंबू-मिरची परत टांगली. देवरषी आला. मिरचीची धुरी दिली, छडीनं फोडून काढलं. भूत म्हणे उतरंना. असतं तर उतरलं असतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अशी धुरी आणि असा मार गुन्हा ठरवलाय. त्या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच साली 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. आमच्या गल्लीत त्या कायद्याचा कागद घेऊन कुणी आलं नाही. देवरषी मात्र हाक मारायच्या आत आला. आईला मी दोष देत नाही. तिला दवाखाना लांब होता.

दोष देतो तुम्हाला. शिकलेल्यांना, चळवळवाल्यांना, कवींना.

दवाखान्यातनं सुटून आलो, विहारात गेलो. वंदना झाली, चहा आला. सगळ्यांना काचेचे पेले, मला कागदाचा कप. काकू हळूच म्हणाल्या, "त्येची औषधं चालू हाईत, कशाला उगं." मी तो चहा प्यालो. अजून घशाखाली उतरलेला नाही.

आठवा जरा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि आपल्या तोंडाचा विटाळ. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. शंभर वर्षं होत आली त्याला. आज माझ्या तोंडाचा विटाळ कुणाला होतो? आपल्याच माणसाला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून.

आता कवी. एकजण म्हणाला, "हे पांढरपेशांचे चोचले. कामगाराला कुठला असला आजार?" म्हणजे कामगाराला छाती आहे, टीबी व्हायला. पोट आहे, अल्सर व्हायला. मन तेवढं नाही. मग अडाणी, बिनडोक म्हणणारे सवर्ण आणि तुम्ही, फरक काय राहिला?

दुसरा म्हणाला, "गोळ्या सोड भावा. वेडातच खरी कविता असती." मी ऐकलं. सोडल्या. तीन रात्री जागून चाळीस कविता लिहिल्या. चौथ्या दिवशी लोकांनी मला धरून दवाखान्यात नेलं. बरा झाल्यावर त्या चाळीस कविता वाचल्या. दोन ओळी लागल्या. बाकी नुसतं खरडणं. त्या दोन ओळींपायी आईनं कानातलं मोडलं, बहिणीची फी राहिली, तिचं वर्ष गेलं. आणि त्या कवीनं माझ्या वेडावर कविता केली. छापून आली. दोस्ता, माझं वेड तुझं रूपक नव्हतं. ते माझ्या बहिणीचं एक वर्ष होतं.

आणखी एक भीती ओळखून आहे मी. 2016 ला रोहित वेमुला गेला, 2019 ला डॉ. पायल तडवी गेली. आपण रस्त्यावर उतरलो, बरोबर केलं. आपलं पोर गेलं की वरचे लोक त्याच्या मनाकडं बोट दाखवतात आणि हात झटकतात. म्हणून आपण मनाच्या आजाराचं नावच काढत नाही. पण जातीनं, गरिबीनं, जागरणानं माणसाचं डोकं फुटतं, हे म्हटलं तर आरोप हलका होतो का? फुफ्फुसात कापसाचा कचरा गेला हे सांगितलं म्हणून मालक सुटत नाही. मग मनाचं सांगायला लाज कसली?

माझंच बघा. मला लिथियमची गोळी आहे. 1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरनं या आजारावर तिचा उपयोग दाखवला. जुनं औषध, पण हिशेब कडक. रक्तात कमी पडलं तर फुकट, जास्त झालं तर विष. घाम फार गेला, पाणी कमी पडलं की ते रक्तात चढतं. आता साचेखात्यात या. धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. सदरा पिळावा इतका घाम. गोळीनं हात थरथरतो, धागा सांधताना जॉबर बघतो, "काय रं, सकाळीच टाकून आलास?" डॉक्टर सांगतात, रोज ठरल्या वेळी झोपा, जागरणानं आजार उलटतो. गिरणी सांगते, या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रातपाळी. चिठ्ठी घेऊन ऑफिसात गेलो तर हसले. "येडेपणाला बी सवलत असती व्हय?"

असते. 2016 च्या अपंगांच्या हक्काच्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मनाचा आजार आहे. 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो, या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा. कामगार विम्याच्या लांबणीच्या आजारांच्या यादीत टीबी आहे तसा हाही आहे. आणि 2015-16 च्या देशभरच्या पाहणीत असं निघालं, की मनाच्या शंभर रोग्यांतल्या ऐंशीहून जास्त जणांना उपचारच नाहीत. ते ऐंशी कुणाच्या वस्तीत राहतात, हे मी सांगायला पाहिजे?

म्हणून मागणी करतो. भीक नाही. युनियनच्या मागणीपत्रात बोनसखाली एक ओळ घाला: चिठ्ठी असेल त्याला रातपाळी नको, खात्यात प्यायला पाणी जवळ पाहिजे. विहारात जयंतीच्या वर्गणीतनं एक दिवस डॉक्टर बोलवा. देवरषी गल्लीत शिरला तर कायदा घेऊन आडवे व्हा. आणि कवींनो, मित्र पेटला तर त्याची वही बघू नका. तो झोपला का ते बघा.

येत्या पौर्णिमेला मी विहारात येणार आहे. चहा झाला की काचेचा पेला माझ्या हातानं उचलणार आहे. 1927 ला महाडात आपण काय केलं होतं ते ज्याला आठवत असेल, त्यानं मला अडवायला यावं.