लाटेला न जुमानणारा मतदार

‘सत्तेबरोबर राहा, तरच विकास होईल’ हा उपदेश निवडणूक जवळ आली की कोकणातील मतदाराला हमखास ऐकवला जातो. वरकरणी व्यवहारी वाटणारा हा उपदेश मुळात लोकशाहीच्या मुळावर येणारा आहे; आणि तो खोटा ठरवणारा इतिहास याच मातीत घडला आहे.

1957 साली लोकसभेच्या 494 पैकी 371 जागा काँग्रेसने जिंकल्या. देशात दुसरा पक्षच नाही, असा आभास निर्माण झाला. वस्तुतः निम्म्याहून अधिक मते काँग्रेसच्या विरोधात होती. ती विखुरलेली होती, इतकेच! त्याच वर्षी रत्नागिरीने जनसंघाचे प्रेमजीभाई आसर यांना, तर मालवण-मसुरे ज्यात होते त्या राजापूरने प्रजासमाजवादी नाथ पै यांना दिल्लीला पाठवले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर दिल्लीश्वरांना दिलेले ते चोख उत्तर होते.

1971 च्या इंदिरा लाटेत राजापूरने प्रा. मधु दंडवते यांना निवडले. आणीबाणीत त्यांना कारावास घडला. 1977 मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा लोकसभेत धाडले. 1984 च्या प्रचंड सहानुभूतीच्या लाटेतही राजापूर ढळले नाही. नाथ पै आणि दंडवते दोघेही समाजवादी. जनसंघाच्या विचाराशी त्यांचे मतभेद उघड होते. परंतु एकपक्षीय सत्तेच्या त्या काळात संसदेत प्रश्न विचारणारा आवाज जिवंत ठेवला, हे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

‘विरोधक निवडून देऊन कोकणाला काय मिळाले?’ असे विचारणाऱ्यांनी कोकण रेल्वेकडे पाहावे. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा केंद्रात बिगरकाँग्रेसी सरकार होते. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते होते. 1998 मध्ये अटलजी पंतप्रधान होण्यापूर्वीच हा मार्ग पूर्ण खुला झाला. ज्यांच्या हाती दशकानुदशके निर्वेध सत्ता होती, त्यांना हे का सुचले नाही?

याच मतदाराने 1991 मध्ये दंडवत्यांनाही पराभूत केले. तोही त्याचा अधिकारच! मसुरे गावातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला सर्व पक्षांचे पुढारी आवर्जून येतात. देवीपुढे नतमस्तक होताना त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की, मत हे सत्तेला वाहायचे नैवेद्य नव्हे. सत्ताधारी कोणीही असो, काँग्रेस वा भाजप, त्याला मतदार गृहीत धरता येऊ नये, यातच राष्ट्राचे हित आहे.