आणखी एक वर्ष



फळ न देणारे झाड आपल्या रानात एखादे तरी असतेच. तोडावे, की आणखी एक पावसाळा थांबावे? हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथात, लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात आहे. काही वर्षांपूर्वी दौऱ्यावर असताना एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी माझा मुक्काम होता. रात्रीच्या प्रार्थनेत आजोबांनी तो भाग वाचला. अंजिराचे नाव निघाल्यावर कृषी खात्याच्या माणसाचे कान टवकारणारच!

गोष्ट अशी. एकाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. मालक ३ वर्षे फळ पाहायला येई आणि रिकाम्या हाताने परत जाई. शेवटी तो माळ्याला म्हणाला, तोडून टाक, उगाच जागा अडवते. माळ्याने विनवले, एवढे वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. फळ आले तर बरे, नाही तर मग तोडा.

येशूने ही गोष्ट सांगितली ती पश्चात्तापाविषयी बोलताना. आपण पश्चात्ताप म्हणतो तो बहुधा नुसत्या हळहळीला. पण नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यातला शब्द आहे 'मेटानोइया'. त्याचा अर्थ मन पालटणे. तास वाकडे जात आहे हे कळल्यावर नुसते हळहळून भागत नाही, बैल थांबवून वळवावे लागतात.

त्याच ग्रंथात यरीहो गावच्या जक्कयाची हकिगत आहे. तो जकातदारांचा मुख्य, लोकांच्या पैशावर गबर झालेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा गेला. तेव्हा जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. तो रडला असे तेथे लिहिलेले नाही. ही परतफेड क्षमा विकत घेण्यासाठी नव्हती. दया आधी आली, फळ मागून आले. माळ्याच्या विनवणीतही खत आधी आहे आणि फळाची वाट पाहणे मागून.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी एका शेतकऱ्याला कांद्यावरच्या तणनाशकाचे प्रमाण चुकीचे सांगितले होते. पात करपली. चूक माझी हे मला कळले होते, पण वरिष्ठांच्या भीतीने मी म्हणालो, "तुम्ही पंप नीट धुतला नसेल." मनाला टोचणी होतीच. तिलाच मी इतकी वर्षे पश्चात्ताप समजत होतो.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावी गेलो. अण्णा थकले होते. मी सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "साहेब, पंप हिनं धुतला होता. त्या साली मी हिला लई बोललो."

काकू दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले. त्या अण्णांकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "ऐकलं ना आता?" अण्णांनी मान खाली घातली. बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे मी पुढे केले. ते त्यांनी घेतले, हे बरे झाले. काकूंची गेलेली वर्षे मात्र मला चौपट काय, एकपटही परत करता आली नाहीत. उशीर केला की असे होते.

त्या अंजिराला पुढे फळ आले की नाही, हे ग्रंथात सांगितलेले नाही. गोष्ट माळ्याच्या विनवणीपाशीच थांबते. पुढचे ज्याचे त्याने आपल्या झाडावर पाहायचे.

तेव्हा मंडळी, सरकवलेला बांध असो, मापातली खोट असो किंवा घरातल्या माणसावर घातलेला खोटा आळ असो, बुंध्याशी खणायला लागा. मुदत एका वर्षाचीच मिळाली आहे, हे विसरू नका.