उच्चाराचा दोष मातृभाषेच्या माथी का?

सीमाभागातील मराठी शाळांत शिकलेल्या मुलांचे इंग्रजी उच्चार सदोष ठरले, की मातृभाषेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. हा आरोप आम्हांस मान्य नाही. इंग्रजीत आघात बदलला की शब्दाचे कार्य बदलते. मराठीत तसे घडत नाही. ‘रेकॉर्ड’मध्ये ‘रे’वर जोर दिला तर नाम, ‘रिकॉर्ड’ म्हणून ‘कॉर्ड’वर दिला तर क्रियापद. न्यायालयात हा शब्द नित्य उच्चारणाऱ्या आम्हां वकिलांनाही शाळेत हा भेद कुणी शिकवला नव्हता. शिकवले ते केवळ स्पेलिंग. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश तर १९१७ सालीच प्रसिद्ध झाला होता! शब्दकोशातील आघातचिन्ह वाचायला शिकवावे, वाक्यातील स्वरांचा चढउतार ऐकवावा, मग म्हणवून घ्यावा. हे सारे मराठीतून समजावता येते. पालकहो, मुलांची शाळा बदलण्याआधी शिकवण्याची रीत बदलण्याचा आग्रह धरा.