माउंट केली म्हणून बकेट डिस्क होत नाही

‘बकेट माउंट करून टाका, प्रोग्रामला हात लावायला नको.’ जुनी कामे क्लाउडवर हलवताना हा सल्ला हमखास मिळतो. त्यापायी झालेली रात्रीची जागरणे मी पाहिली आहेत, म्हणून त्याचा सरळ प्रतिवाद करतो.

आधी त्या सल्ल्याची बाजू. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ साली फ्यूज आले आणि कर्नलच्या बाहेर राहून फाइलसिस्टिम लिहिता येऊ लागली. मार्च २००६ मध्ये अॅमेझॉनने एस-थ्री ही बकेटमध्ये फाइली साठवणारी क्लाउड सेवा सुरू केली. पुढे या दोहोंची सांगड घालणारी एस-थ्री-एफएससारखी साधने आली. ज्याचा कोड समजणारा माणूसही आता संस्थेत उरलेला नाही, असा जुना प्रोग्राम त्यांच्या आधाराने एकही ओळ न बदलता दूरची बकेट वाचतो. हा लाभ खरा आहे. तो मी नाकारत नाही.

पण फाइलसिस्टिम काही हमी देते, आणि जुने प्रोग्राम त्या हमींवर विसंबून लिहिलेले असतात. डिस्कवर फोल्डरचे नाव बदलले की ते एका झटक्यात बदलते. अर्धवट बदललेले कुणाला दिसत नाही. एस-थ्रीच्या सामान्य बकेटमध्ये मुळात फोल्डरच नसतो. लांबलचक नावांची सपाट यादी असते आणि नावातल्या तिरप्या रेघांमुळे फोल्डर असल्याचा भास होतो. चाळीस हजार फाइलींच्या ‘फोल्डर’चे नाव बदलायचे तर चाळीस हजार प्रती करायच्या, मग चाळीस हजार मूळ फाइली पुसायच्या. यादी मागावी तर एका विनंतीला जास्तीत जास्त हजार नावे. मध्येच प्रक्रिया बंद पडली, तर काही माल जुन्या नावाखाली आणि काही नव्या. लॉग फाइलीच्या शेवटी एक ओळ जोडायची झाली तरी अख्खा ऑब्जेक्ट (बकेटमधली फाइल) नव्याने रचावा लागतो.

यावर उत्तर येते की डिसेंबर २०२० पासून एस-थ्रीमध्ये लिहिलेले लगेच वाचता येते, तेव्हा जुने आक्षेप संपले. एक आक्षेप संपला, हे खरे. मात्र ती हमी एकेका ऑब्जेक्टपुरती आहे. हजारो ऑब्जेक्ट एकत्र बदलण्याची हमी तिच्यात नाही. दोन यंत्रांनी तीच बकेट माउंट करून एकाच फाइलीत लिहिले, तर एस-थ्री-एफएस त्यांच्यात समन्वय साधत नाही; शेवटी लिहिणाऱ्याचे टिकते, आधीच्याचे गुपचूप जाते. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही. माझा सगळ्यात मोठा राग या गुपचूपपणावर आहे.

मग करावे काय? मोठ्या डेटावर प्रक्रिया करणाऱ्या हडूपचा अनुभव पाहा. काम तात्पुरत्या फोल्डरात करायचे आणि पूर्ण झाले की नाव बदलून ते अंतिम ठिकाणी आणायचे, ही तिथली जुनी रीत. एस-थ्रीवर ती संथही ठरली आणि धोक्याचीही. २०१८ च्या हडूप ३.१ मध्ये त्यावर इलाज आला, तो एस-थ्रीच्याच स्वभावातून. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी चढवता येते आणि शेवटची ‘पूर्ण’ची विनंती जाईपर्यंत ती कुणालाच दिसत नाही. तुकडे आधी चढवून ठेवायचे आणि काम तडीस गेल्यावरच ती विनंती धाडायची. नाव बदलण्याची गरजच उरली नाही. नेटफ्लिक्समध्ये जन्मलेल्या आइसबर्ग या टेबल-फॉरमॅटनेही टेबलात कोणत्या फाइली आहेत याची स्वतंत्र नोंद ठेवून फोल्डरवरची भिस्त काढून टाकली.

माउंटलाही माझ्या लेखी जागा आहे. अॅमेझॉनचे माउंटपॉइंट २०२३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. असलेल्या फाइलीच्या मधोमध ते लिहू देत नाही, लॉक देत नाही, आणि तसे स्पष्ट कळवते. जे जमणार नाही त्याला तोंडावर नाही म्हणणारे साधन मला जास्त भरवशाचे वाटते. मोठ्या फाइली सलग वाचायच्या, किंवा नवी फाइल एकदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहायची, एवढ्यासाठी ते खुशाल वापरावे. एस्क्यूलाइट डेटाबेसची फाइल मात्र बकेटवर ठेवू नये. तिला लॉक लागतो, तिला खरी डिस्क द्यावी.

प्रोग्राम कोणत्या जातीचा हे ओळखणे अवघड नाही. साध्या डिस्कवर तो एस-ट्रेस हे सिस्टिम कॉल टिपणारे साधन लावून दिवसभर चालवावा आणि नाव बदलण्याचे, लॉक घेण्याचे, मागे जाऊन लिहिण्याचे कॉल किती येतात ते मोजावे. माउंटचा निर्णय त्यानंतर घ्यावा.