‘शिल्लक’ धान्य कोणाचे?

शब्दांची सत्ता मोठी विलक्षण असते. ज्या वस्तूस ‘गरिबाचा घास’ म्हटले असता तिला हात लावण्यास मनुष्य कचरतो, तिलाच ‘शिल्लक’ म्हटले की तिची वाटेल ती विल्हेवाट लावण्यास तो मोकळा होतो. धान्यापासून मोटारीचे इंधन करण्याच्या उद्योगाने आपल्या देशात ‘शिल्लक’ या शब्दाचा असाच आसरा घेतला आहे. आमचा वाद यंत्राशी नाही, रसायनशास्त्राशी तर नाहीच नाही. तो या एका शब्दाशी आहे.

यंत्राची करामत कौतुकास्पद आहे, हे प्रथमच मान्य करू. धान्य दळावयाचे, त्याच्या पिठात पाणी घालून ते तापवावयाचे, एन्झाइमांच्या योगाने त्यातील पिष्टाची साखर करावयाची, यीस्ट घालून ती आंबवावयाची आणि मग ऊर्ध्वपातनाने मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, वेगळे काढून त्यातील उरलेले पाणीही शोषून घ्यावयाचे, असा हा क्रम आहे. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर, आणि एक टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल निघते. उरलेला प्रथिनयुक्त चोथा गुराकोंबड्यांच्या खाद्यात जातो. काहीही वाया जाऊ न देणारी ही विद्या आहे. प्रश्न एवढाच की, तिच्या तोंडी काय घालावयाचे?

२०१८ च्या जैवइंधन धोरणात खराब झालेले, माणसाच्या खाण्यास निरुपयोगी असे धान्य या कामी वापरण्यास मुभा होती. त्यास कोणी शहाणा मनुष्य हरकत घेणार नाही. परंतु त्याच धोरणात ‘शिल्लक’ धान्याचे एक दारही किलकिले ठेवलेले होते. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे लक्षावधी मजूर अन्नासाठी हवालदिल झाले असता, अन्न महामंडळाच्या गोदामांतील चांगला तांदूळ इथेनॉलसाठी देण्याचा निर्णय झाला आणि ते दार सताड उघडले. २०२५ साली या कामासाठी नेमून दिलेला तांदूळ ५२ लक्ष टनांवर गेला.

५२ लक्ष टन म्हणजे किती, हे वाचकांनी घरच्या हिशेबाने पाहावे. मोफत धान्ययोजनेत माणशी दरमहा ५ किलो, म्हणजे वर्षास ६० किलो धान्य मिळते. या मापाने ५२ लक्ष टन तांदूळ साडेआठ कोटींहून अधिक माणसांचे वर्षभराचे धान्य होय. एका माणसाच्या महिन्याच्या ५ किलो तांदळातून इंधन निघते ते जेमतेम सव्वादोन लिटर. मोटारीने ते एका संध्याकाळच्या फेरफटक्यात सहज संपवावे!

आता भाव पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने ‘भारत’ या नावाने सामान्य गिऱ्हाइकास तांदूळ विकला, तो किलोस ३४ रुपयांनी. जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉलच्या कारखान्यांसाठी दर ठरला तो क्विंटलला २,२५० रुपये, म्हणजे किलोस साडेबावीस! पिशवीबंद किरकोळ विक्रीस काही खर्च अधिक येतो हे खरे. पण खरेदी व साठवण मिळून महामंडळास हा तांदूळ किलोमागे ४० रुपयांच्या घरात पडतो. तेव्हा कारखानदारास मिळणारी सवलत करदात्याच्याच खिशातून जाते, हे उघड आहे.

‘गोदामात कुजण्यापेक्षा बरे नव्हे काय?’ असे विचारले जाईल. पण ही शिल्लक किती भरवशाची? जून २०२३ मध्ये गरिबांस माणशी ५ किलो जादा तांदूळ देण्यासाठी कर्नाटक सरकार रोख पैसे मोजावयास तयार असता, राज्यांस होणारी विक्री बंद करण्यात आली. आणि जुलैमध्ये इथेनॉलचा पुरवठाही थांबला. म्हणजे पावसाने डोळे वटारले की जी वितळते, तिला आपण शिल्लक म्हणतो! बेगमी आणि शिल्लक यांतला भेद आपल्या घरांतील गृहिणी जाणतात. तो राज्यकर्त्यांस कळू नये याचे नवल वाटते.

दुसरे समर्थन शेतकऱ्याच्या नावाने होते. मक्याला मागणी वाढली, भाव चढला, ही गोष्ट खरी. परंतु इथेनॉलच्या कारखान्यांतून निघालेला स्वस्त चोथा पशुखाद्याच्या बाजारात आला आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटली. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असता लातूर-अकोल्याच्या बाजारांत भाव त्याखाली घुटमळत राहिला. त्याची कारणे अनेक. त्यांत हे एक होते. तेव्हा बिहारच्या मका-उत्पादकाचा लाभ दाखविताना मराठवाड्याच्या सोयाबीन-उत्पादकाचा तोटाही मांडावयास नको काय?

परकीय चलन वाचते, हे तिसरे समर्थन. खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. तेव्हा ही चिंता रास्त आहे. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोनतृतीयांशच उष्णता असते, आणि मक्याचा निर्यातदार असलेला आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. तेलाची आयात थांबविण्यासाठी धान्याची आयात, हे अर्थशास्त्र आम्हांस तरी समजत नाही.

धान्याची भूक यंत्रास एकदा लागली की ती आवरत नाही. अमेरिकेत २००५ व २००७ च्या कायद्यांनी इथेनॉल सक्तीचे झाले. आज तेथील मक्याच्या पिकाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग त्याच कामी जातो. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिकोतील गरिबांची मक्याची रोटी महागली आणि लोक रस्त्यावर आले. शेजारच्या इंधनाचा प्रश्न भाकरीच्या टोपलीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही.

मग करावे काय? आमचे मागणे थोडे आहे. खाण्याजोगा तांदूळ कारखान्यास देण्यापूर्वी तो त्याच भावात राज्यांना व गरिबांच्या स्वयंपाकगृहांना देऊ केला जावा. त्यांनी नाकारला तरच पुढची गोष्ट. ‘खराब’ धान्य खरोखर खराब आहे की नाही, याची तपासणी कारखानदाराशी संबंध नसलेल्या माणसांनी करावी. आणि अनुदानाचा ओघ पेंढ्याकडे वळवावा. पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना सुरू झाला. वर्षास २ लक्ष टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इंधन अशी त्याची योजना आहे. हे काम कठीण व खर्चाचे आहे, हे आम्ही जाणतो. पण विद्वत्तेचा कस लागावयाचा तर तो येथे लागावा. तांदळाची दारू गाळणे तर आपल्या पूर्वजांसही येत होते!

आपल्याकडे म्हण आहे, ‘आधी पोटोबा, मग विठोबा’. प्रत्यक्ष देवासही ज्या समाजाने पोटानंतरचे स्थान दिले, त्याने मोटारीस पहिल्या पंगतीत बसवावे, आणि तेही ताटे अद्याप पुरी वाढून झाली नसता, याला प्रगती म्हणण्यास आम्ही तयार नाही. सर्वांची पंगत उठल्यावर जे उरेल ते शिल्लक. तोपर्यंत ते धान्य कोणाच्या तरी वाट्याचे आहे.