'स्किन' नावाचा चौकोन

डिजिटल कलरिंग शिकवणारा कुठलाही व्हिडिओ उघडा. ब्रश कुठला घ्यायचा, लेयर किती करायचे, हे सांगून झालं की पॅलेट समोर येतं आणि त्यातला एक चौकोन 'स्किन' म्हणून दाखवला जातो. तो पीचच्या रंगाचा असतो. पीच हे फळ आपल्यापैकी बहुतेकांनी कधी विकत घेतलेलं नाही. तरी आपण आपल्या आज्या, मावळे, शेतकरी आणि शाळेत जाणारी पोरं त्याच रंगात रंगवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी कॉमिक्सचं कलरिंग कच्चं वाटतं त्याचं खापर स्वस्तातल्या टॅब्लेटवर फोडू नका. आपण माणसांचा रंग उसना आणतो, तिथे सगळं बिनसतं. ज्याला कलरिंग सुधारायचंय त्याने नवा ब्रशपॅक विकत घेण्याआधी त्या चौकोनाचा बंदोबस्त करावा.

"एकेकाची स्टाइल असते रे," हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकलंय. स्टाइल निवडलेली असते. 2011 साली आलेल्या 'भीमायना'त दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी डॉ. आंबेडकरांचं आयुष्य परधान गोंड शैलीत चितारलं. तिथे हुबेहूब त्वचेचा हट्टच नाही, आणि तो निर्णय पानापानावर दिसतो. पण सगळ्यांनी न निवडता एकच रंग लावला, तर त्याला स्टाइल म्हणत नाहीत, डिफॉल्ट म्हणतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डिफॉल्ट कोणाच्या तरी सोयीने ठरलेलं असतं आणि बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत, हे रोज बघतो.

आपल्याकडचं डिफॉल्ट जुनं आहे. अनंत पै यांनी 1967 साली 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारख्या चित्रकारांची रेघ आजही बघत बसावी अशी आहे. पण त्या अंकांतले रंग बघा. नायक गोरे, राण्या गोऱ्या, देव निळे, आणि असुर बहुतेक वेळा गडद तपकिरी. निळ्या देवांबद्दल माझी तक्रार नाही. मेघश्याम म्हणून निळा, ही परंपरा कॉमिक्सच्या कितीतरी आधीची आहे. तक्रार माणसांबद्दल आहे. चांगला माणूस कोण आणि वाईट कोण, हे फुगा वाचायच्या आधी त्वचेवरून कळावं, ही सवय त्या पानांनी आपल्या डोळ्यांना लावली.

त्या काळी एक सबब होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. स्वस्त कॉमिक्सच्या छपाईत निळसर, गुलाबी आणि पिवळी अशा तीन शाया, शिवाय रेघेला काळी. अमेरिकन कॉमिक्समध्ये दर रंगीत शाईच्या चारच पायऱ्या ठरलेल्या होत्या: शून्य, 25, 50 आणि 100 टक्के. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे 64 रंग. तपकिरीसाठी तिन्ही शाया एकावर एक पडतात, आणि हलक्या कागदावर त्याचा चिखल होतो. मार्व्हलच्या 'सार्जंट फ्युरी'च्या पहिल्या अंकात, 1963 साली, गेब जोन्स हा कृष्णवर्णीय सैनिक छापून आला तो गोराच. पण तुमच्या फोनचा स्क्रीन 1 कोटी 67 लाख रंग दाखवतो. त्यातही आपल्याला माणसासाठी एकच सापडत असेल, तर आता कागदाला दोष देता येणार नाही.

इथून पुढे प्रश्न तंत्राचा आहे, आणि तो पुरेशा गांभीर्याने कोणी शिकवत नाही. ट्युटोरियलमधली सगळ्यात लाडकी युक्ती अशी: त्वचेवर सपाट रंग भरा, वर नवा लेयर घ्या, तो 'मल्टिप्लाय'वर टाका आणि फिकट जांभळ्याने सावली मारा. दोन मिनिटांत चेहरा सुंदर होतो. हे पीचवर चालतं. सावळ्या रंगावर ते का फसतं, हे गणित करून बघू.

मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे वरच्या लेयरच्या आकड्यांनी गुणायचे आणि 255 ने भागायचं. पीच घ्या: 250, 210, 180. सावलीचा जांभळा: 150, 130, 190. उत्तर येतं 147, 107, 134. निळा हिरव्याच्या बराच वर गेला, म्हणून सावली जांभळट आणि तजेलदार दिसते. आता आपल्याकडचा सावळा रंग घ्या: 140, 85, 55. त्याच जांभळ्याने गुणलं तर 82, 43, 41. निळा हिरव्याच्या खालीच राहिला. जांभळी छटा गेली कुठे? मुळात निळा कमी होता, गुणाकारात तो आणखी दबला. उरला तो मळकट, गडद तपकिरी. मग पोरं म्हणतात, "डार्क स्किन नीट दिसतच नाही, जरा उजळ करू." दोष त्वचेचा नाही. ती युक्ती पीच समोर ठेवून बसवलेली आहे, एवढंच.

मग करायचं काय? सावळ्या त्वचेची सावली मल्टिप्लायवर सोडू नका. साध्या लेयरवर, हाताने रंग निवडून लावा. मूळ रंगाला थोडं लालीकडे किंवा निळाईकडे सरकवा, नुसता काळा मिसळू नका. आणि सगळी मदार सावलीवर ठेवू नका. गोऱ्या चेहऱ्याचा आकार मुख्यतः सावलीतून कळतो, सावळ्या चेहऱ्याचा चकाकीतून. भर दुपारी सावळ्या माणसाच्या कपाळावर आणि गालाच्या हाडावर आभाळ उतरलेलं असतं, निळसर राखाडी. संध्याकाळी तेच नारिंगी होतं. ती चकाकी नीट जागी पडली की चेहरा उठून दिसतो.

दुसरी अडचण रेघेची. काळी रेघ पीचवर ठळक दिसते, गडद त्वचेवर बुडते. तेव्हा त्वचेच्या आतल्या रेघांना काळ्याऐवजी खोल तांबूस रंग द्या, नाहीतर चेहऱ्यामागची जागा उजळ ठेवा. हे जमलंय की नाही, ते तपासायला सगळ्यात वर एक काळा लेयर घ्या आणि तो 'कलर' मोडवर टाका. चित्र कृष्णधवल होईल. तसंही चेहरा ओळखू आला, तर तुमचा रंग बरोबर आहे. फोनवरच्या आयबिस पेंटमध्येही हे होतं आणि फुकटच्या क्रिटामध्येही.

तिसरी गोष्ट बघण्याची. फोटोतून रंग उचलायचा असेल तर आधी कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड बंद करा, तो चेहरे परस्पर उजळ करतो. त्याहून बरं म्हणजे जाऊन बघा. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे एखाद्या बागेच्या मांडवाखाली उभे राहा. पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर पानांतून गाळलेला पिवळट हिरवा उजेड असतो, आणि हनुवटीखाली मातीचा तांबूसपणा परत उसळलेला असतो. एका चेहऱ्यावर चार-पाच रंग. 'स्किन' नावाच्या एका चौकोनात ते मावत नाहीत.

मी एकदा अशाच मांडवाखालची एका मुलीची गोष्ट रंगवून एका प्रकाशकाकडे पाठवली. उत्तर आलं, "काम छान आहे, फक्त चेहरे जरा फ्रेश करा." काळे नको, असं कोणी लिहीत नाही. फ्रेश, ब्राइट, प्रसन्न असे शब्द वापरतात. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहायची लाज वाटायला लागली तेव्हा 'नीटस' आलं, तसंच हे. मी चकाकी वाढवली, चेहऱ्यामागची पानं उजळ केली, त्वचेला हात लावला नाही. ते पान छापलं गेलं नाही. असं पान परत येतं तेव्हा काम कलरिस्टचं जातं, आणि स्वतःसारखा चेहरा पुस्तकात दिसायची एक संधी वाचणाऱ्या पोरीची जाते.

"वाचकांना उजळच आवडतं," असं म्हणणाऱ्यांनी नाशिकला यावं. पंचवटीत काळाराम मंदिर आहे. देऊळ काळ्या दगडाचं, रामाची मूर्तीही काळी, आणि नावातच काळा. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्यापुढे हात जोडतात. देव जरा फ्रेश करा, अशी मागणी मी तरी कधी ऐकलेली नाही.

याच मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे नाशिकमधले आधारस्तंभ होते, आणि तो लढा सुमारे पाच वर्षं चालला. समजा यावर उद्या कोणी मराठी कॉमिक काढलं. मार्चचं ऊन, काळा दगड, पांढरे सदरे, बंद दरवाजा आणि त्यासमोर शेकडो सावळे चेहरे. कलरिस्टसाठी यापेक्षा अवघड आणि यापेक्षा देखणी चौकट मला सुचत नाही. जात रंगावरून ठरत नाही, हे मला माहीत आहे. पण चित्रकथेत गोरेपणा म्हणजे 'हा आपल्यातला, हा चांगला' असा शिक्का झाला आहे. त्या सत्याग्रहींना पीच लावून त्यांना नायक केलं, तर आपण पुन्हा तेच म्हणतोय: आत यायचं असेल तर आधी आमच्यासारखे दिसा.

म्हणून आज एवढं करा. आपलं पॅलेट उघडा. घरातली, गल्लीतली, बसमधली दहा माणसं बघून दहा मूळ रंग तयार करा. प्रत्येकाला एक उन्हातला आणि एक सावलीतला जोडीदार द्या. एखादा रविवार जाईल, पण पुढची कित्येक पानं त्यावर उभी राहतील.

आणि तो जुना चौकोन डिलीट नाही केलात तरी चालेल, फक्त त्याचं नाव बदला. 'पीच' लिहा. रंग वाईट नाही, गरज पडेल तिथे जरूर वापरा. पण त्वचा हे त्याचं नाव नाही.